ऐकलं का कबूल?

आमच्या शाळेत 'व्हय' हा शब्द बंद होता. मुख्याध्यापकांनी बंद केला नव्हता, खात्याचं पत्रकही निघालं नव्हतं. गणिताच्या बाईंनी बंद केला होता, आणि बाईंनी बंद केलेली गोष्ट आमच्याकडे पत्रकापेक्षा कडक पाळली जायची. 'व्हय' बंद, विदर्भाकडून आलेल्या पोरांचं 'हाव' बंद, मुसलमान लेकरांचं 'हौ' बंद, नुसती मान डोलावून 'हूं' करणंसुद्धा बंद. बाई म्हणायच्या, "उद्या कंपासपेटी आणायची, समजलं?" एखादं पोरगं सवयीनं म्हणायचं, "व्हय." की बाईंची पट्टी टेबलावर खाडकन.

"व्हय म्हंजे काय? ऐकलं का कबूल?"

पोरगं उभं राहायचं आणि दोनपैकी एक शब्द निवडायचं. 'ऐकलं' म्हटलं तर कंपासपेटी नाही आणली तरी चालायची. 'कबूल' म्हटलं आणि नाही आणली, तर त्या दिवशी त्याचं काही खरं नसायचं.

मी मराठी शिकवते. माझ्या भाषेतला एक धडधाकट शब्द असा दिवसाढवळ्या शाळेबाहेर काढलेला मला मुळीच रुचला नव्हता. नवी नवी होते, जीभही तिखट होती, तेव्हा मी स्टाफरूममध्ये भांडलेच. बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्याडम, तुमच्या मराठीला हिथं एक भोक हाय. आपल्याकडं समोरचा बोलून राहिला की आपण व्हय व्हय करतो. आपल्याला येवढंच म्हणायचं असतं की बोल बाबा, ऐकून राहिले. समोरचा धरतो की हिनं मानलं. त्या भोकातून अख्खं घर जातं."

तेव्हापासून मी फोनवर बोलताना स्वतःलाच ऐकू लागले. आईशी बोलताना मी किती 'व्हय' म्हणते आणि त्यातलं किती मला मान्य असतं, हे कळल्यावर माझी मलाच भीती वाटली.

बंदीच्या पहिल्याच आठवड्यात सातवीतला एक पोरगा हात वर करून म्हणाला होता, "बाई, कबूल तर निकाहात म्हणतेत." सगळा वर्ग खिदळला. बाई हसल्या नाहीत. "तिथं तीनदा इचारतेत, लेकरा," त्या म्हणाल्या. "फोन येकदाच इचारतो."

बाई कळमनुरीहून यायच्या. वारंगा फाट्यावर उतरून आमच्या गावाकडे येणाऱ्या ऑटोत बसायच्या. इस्त्रीची सुती साडी आणि तिच्याखाली पांढरे पळायचे बूट. शाळेत हा चेष्टेचा विषय होता, माझ्याही. एकदा मी विचारलंच, "बाई, हे बूट कशाला?" तर म्हणाल्या, "पळायची येळ आली तर?" कुणापासून, ते सांगितलं नाही. फोन साधा, बटणांचा. तो नॅपकिनमध्ये गुंडाळून डब्याच्या पिशवीत. वाजला की बाई जागच्या जागी थिजायच्या, तोंडातला घाससुद्धा तसाच राहायचा. वाजून वाजून बंद पडला की घास गिळायच्या आणि म्हणायच्या, "खरंच काम असंल तर घरी येईल."

"चहा घेता का, बाई?" या प्रश्नालाही सरळ उत्तर नव्हतं. आधी "ऐकलं." मग कपाकडे बघायचं, कुणी केला, साखर किती, आज हा चहा का पाजला जातोय याचा विचार करायचा. चहा निवत आला की, "कबूल." आमचे मुख्याध्यापक अतिशय सौम्य माणूस. ते म्हणायचे, बाईंना सरबत द्यावं, निदान गार होण्याची काळजी नाही.

आणि कोरी जागा. कागदावर कोरी जागा दिसली की बाईंना दम लागायचा. हजेरीपत्रकात सही केली की सहीच्या पुढे आडवी रेघ. पोरांच्या वह्यांत उदाहरण संपलं की उरलेल्या जागेवर तिरकी रेघ. "जागा सोडली की कोणीतरी भरतं." उत्तरापुढे 'फक्त' लिहायचं, पावतीवर अक्षरी रकमेपुढे लिहितात तसं. उत्तर: बारा फक्त. उत्तर: तीन मीटर फक्त. एकदा केंद्रप्रमुख तपासणीला आले, एक वही उघडून म्हणाले, "हे फक्त काय आहे रे?" पोरगं ताठ उभं राहून म्हणालं, "सर, पुढं कोणी शून्य टाकू नये म्हणून." साहेब पोट धरधरून हसले. नंतर शेरेबुकात सही करताना मात्र त्यांनी पुढे गुपचूप रेघ ओढली. मी बघत होते.

बाईंचे यजमान कुणा मित्राला जामीन राहिले होते, पतसंस्थेचे लोक घरी यायला लागले, आणि मग यजमान वारले. मुख्याध्यापकांनी मला एवढंच सांगितलं होतं, आणि वर, "विचारू नका," असंही.

शनिवारी आमच्याकडे दप्तर आणायचं नसतं. मुलांनी आनंदानं शिकावं, खेळावं, असा त्या दिवसाचा हेतू. बाईंनी तो दिवस मुलांना घाबरवण्यासाठी राखून ठेवला होता. सुरुवात चिंचोक्यांपासून झाली. प्रत्येकाला मूठभर चिंचोके उसने दिले आणि परत करताना वाढवून आणायचे, उशीर झाला तर वाढीवर वाढ. पोरांना पहिल्यांदा गंमत वाटली. मग गावातल्या चिंचेखाली एक चिंचोका उरेना. पोरं एकमेकांकडून उसने घेऊन बाईंचे फेडायला लागली, आणि महिन्याभरात अख्खा वर्ग चार पोरांचा देणेकरी झाला. एक आई तावातावानं शाळेत आली. "बाई, लेकरू झोपंत चिंचोके मोजून राहिलं. दचकून उठतंय. हे काय शिकवून राहिल्या तुमी?"

"हेच," बाई म्हणाल्या.

मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं. "बाई, शनिवार आनंदाचा असतो."

"मंग सोमवारी भेववू का, सर?"

चिंचोके बंद झाले आणि त्याहून वाईट गोष्ट सुरू झाली. तिला पोरं 'फोनचा तास' म्हणायची. बाई वर्गाकडे पाठ करून बसायच्या. एकेका लेकरानं समोर यायचं, कानाला हात लावून फोन उचलल्यासारखं करायचं. आणि पाठमोऱ्या बाईंच्या तोंडून तो आवाज यायचा. गोड, मधाळ, हिंदी. "नमस्ते बेटा. मम्मी घर पे है? मम्मी ने लोन लिया है ना? पता है ना आपको?" मग तोच आवाज हळूहळू कोरडा व्हायचा, मग दरडावायचा. लेकरानं तीन गोष्टी म्हणायच्या: तुमचं नाव सांगा, कुठून बोलता ते सांगा, जे असंल ते लेखी द्या. आणि फोन ठेवल्याबरोबर घरातल्या मोठ्या माणसाला सांगायचं, लपवायचं नाही. पाठ केलेली ही वाक्यं म्हणताना पोरं अडखळायची. एक-दोन रडायची. बाई वळून त्यांच्या डोक्यावरून हात फिरवायच्या आणि पुढच्याला बोलवायच्या.

मी हे सगळं दारातून बघायचे. एकदा घरी कणीक मळताना माझ्या फोनवर 'अभिनंदन, आपले कर्ज मंजूर' असा मेसेज आला. मी काही मागितलं नव्हतं. तरी पिठाच्या हातानं फोन उचलून डाळीच्या डब्यामागे ठेवला. नवरा हसला. मला काही हसू आलं नाही.

आता शाहीनबद्दल.

शाहीन सातवीत होती. हुशार, जरा बोलकी, तेल लावून घट्ट दोन वेण्या. वडील लांबच्या गाडीवर ड्रायव्हर, पंधरा पंधरा दिवस बाहेर. आई फाट्यावर शिवणकाम करायची, पुढे दुकान आणि मागे एक खोली. माझे दोन ब्लाउज तिनेच शिवले होते. एका शनिवारी फोनच्या तासाला शाहीनचा नंबर आला. बाई पाठमोऱ्या बसल्या आणि सुरू झाल्या, "नमस्ते बेटा, मम्मी घर पे है?"

शाहीननं कानाला हात लावला. नाव सांगा, असं काही ती म्हणाली नाही. ती म्हणाली, "अंकल, शाम तक दे देते ना. फोटो मत भेजो. अंकल, अम्मी का वो फोटो मत भेजो."

'फोटो' हा शब्द बाईंनी कधीच शिकवला नव्हता. बाई हळूच वळल्या, आणि मी त्यांचा चेहरा पाहिला. रंग उडालेला होता.

मग शाहीननं सगळं सांगितलं. अम्मीला एक फोन आला होता. बाईमाणसाचा आवाज, फार मायेचा. शिलाई मशिनला मोटर घ्यायला पैसे देऊ म्हणाली. अम्मी कापड कापता कापता "हौ, हौ" करत राहिली. आता एक मेसेज येईल, हौ. त्याला बोट लावा, हौ. फोनमधले फोटो, नंबर बघायची अनुमती मागेल, हौ. पैसे खात्यात आले. आठवड्यात दुप्पट मागितले. तेही दिले. मग पुन्हा मागितले. कालपासून ते लोक अम्मीच्याच फोनमधला अम्मीचा चेहरा कुठल्या तरी उघड्यानागड्या बाईच्या अंगावर लावलेला फोटो पाठवत होते. पैसे नाही दिले तर फोनमधल्या सगळ्या नंबरांवर जाईल म्हणत होते. "अम्मी कालपासून जेवली नाही," शाहीन म्हणाली. "सकाळी मला म्हणली, शाळेतून सरळ नानीकडं जा, घरी येऊ नको."

हे शेवटचं वाक्य ऐकून बाई पळाल्याच. ते बूट मी पहिल्यांदा कामाला आलेले पाहिले. माझ्या स्कूटीवर आम्ही तिघी बसलो, शाहीन मध्ये. फाट्यापर्यंत गाडी कशी नेली ते मला आजही सांगता येणार नाही.

दुकान उघडं होतं. मशिनवर कुणाचा तरी अर्धा झालेला झगा तसाच होता. मागच्या खोलीचं पत्र्याचं दार आतून बंद. शाहीननं हाक मारली, "अम्मी." आतून काही नाही. मी हाक मारली. काही नाही. मग बाईंनी दारावर थाप मारली. "शाहीनची अम्मी, मी शाळेतली बाई. दरवाजा खोलो."

"हौ," आतून आवाज आला.

माझा जीव भांड्यात पडला. पण दार उघडलं नाही.

"जिवाचं काही करू नका हां."

"हौ."

"बाई, त्या हौ म्हणतायत," मी म्हणाले. "उघडतील आता." बाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. आणि मग मला समजलं. त्या हौचा अर्थ काय? ऐकलं की कबूल?

बाईंनी नेमकं तेच विचारलं. दाराला कपाळ टेकवून, वर्गात विचारायच्या तसंच, पण पट्टी न आपटता. "पोरी, सुने का कबूल?"

शाहीननं माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. मग आतून, अगदी खोल, "सुनी, बाई. बस सुनी मैं."

म्हणजे कबूल नव्हतं.

बाईंनी मला खूण केली, शेजारच्या वेल्डिंगच्या दुकानातून माणूस आणा. आणि स्वतः उंबऱ्यावर फतकल मारून बसल्या. "बरं. सुनी तेवढं बस. आता मी बोलती, तुमी सुनत राहा. सुनून राहिल्या का?"

"हौ."

वेल्डर हातोडा घेऊन माझ्यामागे धावत आला, तेव्हा बाई शिलाई मशिनबद्दल बोलत होत्या. मोटर कशी गरम होते, कळमनुरीच्या बाजारात कुणाकडे चांगली मिळते. आतून हौ येत होतं. वेल्डरनं हातोडा उगारला, तर बाईंनी हात आडवा केला. धडकन आवाज झाला आणि आत ती दचकली तर? तो बिचारा हातोडा छातीशी धरून उभा राहिला. बाई बोलत राहिल्या. मुख्याध्यापकांची चेष्टा केली. भेंडीचा भाव सांगितला. शाहीनचा चाचणीतला पेपर किती सुंदर होता ते सांगितलं. प्रत्येक वाक्याला थांबायच्या, कान द्यायच्या. हौ आलं की पुढचं वाक्य. जो शब्द त्यांनी अख्ख्या शाळेतून हाकलला होता, त्याच्यासाठी त्या दारापाशी कान लावून बसल्या होत्या. हौ आलं की ती बाई जिवंत आहे, एवढंच आम्हाला कळत होतं.

आणि एकदा ते आलंच नाही.

बाई थांबल्या. वाट पाहिली. वेल्डरनं हातोडा उचलला. तेव्हा बाई एकदम मोठ्यानं बोलायला लागल्या, मराठीत, आवाज फाटलेला. "आमच्या ह्यांनी बी आतून व्हयच म्हटलं व्हतं. ऐकून राहिल्या का? वसुलीवाले वरांड्यात बसलेले. हे आतल्या खोलीत. मी म्हणले, जिवाचं काही करू नका, आपण फेडू. हे म्हणले, व्हय. मला वाटलं कबूल केलं. मला बरं वाटलं वो. मी चहा टाकायला गेले. चहा टाकायला! दाराशी बसून राहिले असते तर... मी चहा टाकायला गेले!"

शाळेत इतकी वर्षं हे कुणाला माहीत नव्हतं. शाहीन रडत होती, मी रडत होते, वेल्डर खाली बघत होता. बाई दारावर तळहात ठेवून म्हणाल्या, "मी आज उठणार न्हाई. रात झाली तरी न्हाई. तुमी म्हणा काय म्हणायचं ते."

आत काहीतरी लोखंडी सरकलं. एक स्टूल पडल्याचा आवाज झाला आणि माझे डोळे आपोआप मिटले. उघडले तेव्हा दार उघडं होतं, शाहीनची आई दारात होती, आणि तिनं विचारलं, "बाई, तुमे चाय पिए क्या उसके बाद कभी?" बाई मान डोलावून म्हणाल्या, "निवल्यावर." दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

पोलिसांकडे गेलो, तक्रार दिली. तिथल्या बाईसाहेब समजूतदार निघाल्या. फोटो मात्र गेलाच. माझ्याही फोनवर आला. मी न बघता पुसला, तरी बोटांना घाण लागल्यासारखं दिवसभर वाटत राहिलं. गावात बहुतेकांनी पुसला. काहींनी पुसला नाही, पानटपरीवर दोघं-तिघं तोंड दाबून हसताना मी पाहिले. शाहीनचा बाप गाडी सोडून आला, बायकोशेजारी बसला, आणि एक शब्द वावगा बोलला नाही. फोन येणं काही थांबलं नव्हतं. नंबर बदलून बदलून येत होते. पोलिसांनी सांगितलं होतं, घाबरू नका. सांगणं सोपं असतं.

पुढच्या शनिवारी शाहीनची आई शाळेत आली. बाईंनी बोलावलं नव्हतं. मागच्या बाकावर, पोरींच्या मध्ये, अंग चोरून बसली. बाई नेहमीसारख्या वर्गाकडे पाठ करून बसल्या. "नमस्ते बेटा" म्हणायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. पुन्हा प्रयत्न केला. नाही. बाई तशाच पाठमोऱ्या बसून राहिल्या, आणि पोरं एकमेकांकडे बघू लागली.

तेवढ्यात मागच्या बाकावर खराखुरा फोन वाजला. शाहीनच्या आईचा. अनोळखी नंबर.

सगळा वर्ग मागे वळला. शाहीननं दोन्ही हातांनी बाक धरला. बाई उठल्या, दोन पावलं तिच्याकडे गेल्या आणि थिजल्या. शाहीनची आई उभी राहिली. ओढणीला हात पुसला, बटण दाबलं, आणि स्पीकर लावून फोन उंच धरला.

"नमस्ते मॅडम," तो गोड आवाज अख्ख्या वर्गात घुमला. "हमारा मेसेज मिला ना?"

तिनं फोन खाली केला नाही.

"बोलो भाई," ती म्हणाली, "यहाँ सब सुन रहे."